पावसाच्या पाण्याचा जमाखर्च

(मंडळाच्या वर्धापनदिन समारंभात केलेले भाषण. सभासद भगिनींच्या आग्रहावरून येथे छापले आहे.)



वर्धापनदिनाच्या सभेत दोन शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, त्याबद्दल मी आभारी आहे. अशा प्रसंगी मंडळाच्या कार्याचा गौरव करावा, जुन्या आठवणी सांगाव्या, अशी रीत आहे. ती मी मोडणार आहे. मी जन्मभर शाळेत गणित शिकविले. निवृत्त झाले तरी ती खोड गेली नाही. म्हणून आज मी आपणांपुढे एक हिशेब मांडणार आहे. हिशेब आहे पावसाच्या पाण्याचा.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, पाऊस आकाशातून पडतो, फुकट पडतो. त्याचा कसला आला जमाखर्च? मलाही पुष्कळ वर्षे असेच वाटत होते. फुकट मिळालेल्या वस्तूचाही खर्च असतो, तो कोणीतरी भरीत असतो, आणि पुष्कळदा तो भरणारा आपला शेजारी असतो, हे मला उतारवयात कळले. कसे कळले ते आधी सांगते.

तीन वर्षांपूर्वी आम्ही घरापुढच्या अंगणात सिमेंट काँक्रीट घातले. सडा-सारवणाचा त्रास चुकला, पावसाळ्यातला चिखल गेला, धान-डाळी वाळवावयास जागा झाली. येणारे-जाणारे वाखाणीत होते. त्या वर्षी आषाढात एका संध्याकाळी मोठी सर आली. आमचे अंगण धुऊन स्वच्छ झाले. मी ओट्यावर उभी राहून कौतुकाने पाहत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वहिनी कुंपणाशी आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "बाई, तुमच्या अंगणाला आता झाडू लागत नाही हे खरे, पण तो माझ्या स्वयंपाकघरात लागतो."

मी जाऊन पाहिले. त्यांचे घर आमच्यापेक्षा हातभर सखल आहे. रात्री त्यांच्या स्वयंपाकघरात घोटाभर पाणी शिरले होते. पिठाचा डबा, तांदळाची पिशवी, चुलीशेजारी रचलेल्या काड्या, सगळे भिजले होते. मागची मातीची भिंत खालून फुगली होती. त्या भिंतीच्या डागडुजीला पुढे त्यांना जो खर्च आला, तो आमच्या काँक्रीटच्या हिशेबात कोठेच धरलेला नव्हता. गवंड्याने आम्हांस सिमेंटचा भाव सांगितला, गिट्टीचा सांगितला, मजुरीही सांगितली. पण पाणी कोठे जाईल हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. गणित शिकविणाऱ्या बाईने हिशेबातली एक रक्कम गाळली, आणि ती रक्कम शेजारणीने भरली.

मग मी पाटी-पेन्सिल घेऊन बसले. आमचे अंगण २० फूट रुंद व ३० फूट लांब, म्हणजे ६०० चौरस फूट. मीटरच्या हिशेबाने सुमारे ५६ चौरस मीटर. पावसाचा हिशेब अगदी सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होते. त्या संध्याकाळी ५० मिलिमीटर पाऊस झाला असे धरले, तर एकट्या आमच्या अंगणात २,८०० लिटर पाणी पडले. पंधरा लिटरची घागर धरली तर १८० हून अधिक घागरी. मी स्वतः उभी राहून वहिनींच्या उंबऱ्यात एकामागून एक घागरी ओतल्या असत्या, तर गावाने मला वेडी ठरविले असते. उतार देऊन तेच केले, तर लोकांनी अंगण वाखाणले!

पूर्वी मातीचे अंगण होते तेव्हाही पाऊस तेवढाच पडे. फरक मुरण्यात आहे. पाण्याच्या निचऱ्याची कामे करणारे इंजिनियर असे धरतात की, काँक्रीटवर किंवा छपरावर पडलेल्या शंभर घागरींपैकी ऐंशी ते पंच्याण्णव घागरी वाहून जातात. बागेच्या किंवा गवताच्या जमिनीवरून, मातीची जात व उतार पाहून, साधारण दहा ते पस्तीस जातात, बाकीच्या मुरतात. म्हणजे पाऊस जराही वाढला नसताना, केवळ वरचे आवरण बदलल्याने आम्ही वाहणारे पाणी तिप्पट-चौपट केले. आता गावात दहा घरांची अंगणे पक्की झाली, रस्ता सिमेंटचा झाला, कवेलूची घरे जाऊन स्लॅबची आली, की प्रत्येक जण आपापले थोडेसेच पाणी बाहेर सोडतो आणि खालच्या आळीत सगळे एकदम येते. दोष कोणा एकाचा नसतो, म्हणून जबाबदारीही कोणाची राहत नाही.

येथे कोणी म्हणेल, मग नाली मोठी करा. ग्रामपंचायतीकडे अर्ज करा. अर्ज आपण करूच. पण नालीचा खर्च कसा वाढतो हे समजून घ्या. त्यासाठी मी आपणांस लग्नघरी नेते. पाचशे पाने जेवणार आहेत. शंभर-शंभरांच्या पाच पंगती बसविल्या तर शंभर ताटे, शंभर पाट आणि दहा वाढपी पुरतात. तीच पाचशे माणसे एकदम बसवावयाची म्हटली तर पाचशे ताटे हवीत, पाचपट मांडव हवा, पन्नास वाढपी हवेत. अन्न तेवढेच, माणसे तेवढीच. खर्च मात्र वाढला, कारण सगळे एकाच वेळी आले. नालीचे अगदी असेच आहे. वर्षभरात किती पाऊस पडला यावर नालीची रुंदी ठरत नाही. सर्वांत जोराच्या तासाला किती पाणी एकदम येते यावर ठरते. त्या एका तासासाठी रुंद नाली बांधावयाची, आणि वर्षातले बाकीचे दिवस तिच्यात प्लास्टिक आणि डास पाळावयाचे! म्हणून ज्याने आपल्या दारचे पाणी दोन तास जरी अडवून धरले, त्याने पाणी वाचविले किंवा न वाचविले, गावाचा पैसा नक्की वाचविला. पावसाच्या पाण्याला पंगतीने बसविणे, एवढेच याचे मर्म आहे.

हा हिशेब चुकला किंवा पुढे ढकलला म्हणजे काय होते, याचा दाखला मुंबईने दिला आहे. तेथील पावसाळी नाले इंग्रजांच्या अमदानीतले, तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील एवढेच होते. १९९३ साली तज्ज्ञांनी अहवाल दिला की ते ५० मिलिमीटरचे करा. खर्च सुमारे ६१६ कोटी रुपये सांगितला. पैसा मोठा म्हणून बरेचसे काम मागे पडले. पुढे २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि शेकडो माणसे दगावली. त्यानंतर २००७ साली केंद्र सरकारने त्याच कामासाठी सुमारे १,२०० कोटी रुपये मंजूर केले, म्हणजे जवळजवळ दुप्पट. इतका भयंकर पाऊस सुधारलेल्या नाल्यांनीही पुरता झेलला नसता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरी न केलेले काम फुकट पडत नाही. ते व्याजासकट परत येते.

मुंबई आपणांस लांब वाटत असेल, तर नागपूर जवळच आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तेथे थोड्या तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि लोक झोपेतून उठतात तो घरांत पाणी. आपल्यापैकी कित्येकींच्या लेकी-सुना तेथे राहतात. त्या रात्रीची हकीकत आपण ऐकली असेल. भिजलेल्या गाद्या, बंद पडलेली शीतपेटी, मुलांची पुस्तके, दुकानातला माल, बुडालेली मजुरी, यांची बेरीज कोणत्याही एका वहीत होत नाही. ती हजारो घरांच्या वह्यांत तुकड्यातुकड्याने लिहिली जाते, म्हणून ती कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येते. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, हे आपण शाळेत पाठ केले. परंतु हे तलाव म्हणजे काय, हे आपण विसरलो. हे निसर्गाने दिलेले नाहीत. आपल्या पूर्वजांनी पावसाच्या वाहत्या पाण्याची केलेली ती व्यवस्था आहे. गोंड राजांच्या काळी तलाव बांधणाऱ्यास जमीन देण्याची रीत होती, आणि कोहळी समाजाने त्या कामात नाव कमावले. नवेगावचा विस्तीर्ण बांध कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. १९९९ सालापर्यंत तोही आपल्याच जिल्ह्यात होता. पुढे गोंदिया जिल्हा वेगळा झाला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. सरकारी कागदात त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, आणि थोडक्यात 'मामा तलाव'.

आपल्याकडे पाऊस वर्षाला सरासरी १,३०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात पडतो. मध्येच पंधरा दिवस दडी मारली की रोवणी अडते, पऱ्हे पिवळे पडतात. म्हणून जेथे उतारावरून पाणी धावते तेथे मातीची पाळ घातली. वरच्या तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात, तेथून त्याच्या खालच्या बोडीत, आणि शेवटी नाल्यात. पाणी धावत आले आणि चालत गेले. पंगतीचे जे मी आता सांगितले, ते त्या लोकांना शाळा न शिकता ठाऊक होते. त्याच पाण्यावर धान झाले, ऊस झाला, ढीवर बांधवांना मासे मिळाले, गुरांना पाणी मिळाले, विहिरींना झरे राहिले, आणि उन्हाळ्यात निघालेला गाळ शेतांना खत म्हणून गेला. ज्या पाण्याने खालच्या वस्तीची भिंत पडली असती, त्या पाण्याने जमेच्या बाजूला पाच-सहा रकमा लिहिल्या.

ही व्यवस्था टिकली ती तिच्यामागे हिशेब होता म्हणून. तलाव मालगुजाराचा; पाळ फुटली तर सारा बुडे, म्हणून दुरुस्तीची काळजी त्याला. ज्याच्या बांधीला पाणी जाई त्याने पाळीवर माती टाकावयास जावे, ही रीत. पाणी कोणाला किती, हे गावाच्या वाजिब-उल-अर्जात, म्हणजे रीतिभातीच्या कागदात नोंदलेले. मी मालगुजारीचे गोडवे गाते आहे असे कृपा करून समजू नका. वेठ होती, जुलूम होता, आणि पाळीवर माती वाहणाऱ्या बायकांच्या डोक्यावरच्या टोपलीला न्याय नव्हता. ती पद्धत गेली हे योग्यच झाले. १९५० साली कायदा झाला, १९५१ साली अमलात आला. तेव्हा आपला जिल्हा मध्यप्रदेशात होता. मालकी सरकारकडे गेली, लोकांचे निस्ताराचे हक्क कागदावर आले.

परंतु जुलमाबरोबर जबाबदारीही गेली, आणि तिच्या जागी नवी जबाबदारी तितक्या नेटाने उभी राहिली नाही. आज शंभर हेक्टरपर्यंत भिजविणारे तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत. पाणी घेणारे शेतकरी वेगळे, मासे धरणारी संस्था वेगळी, पोटात गाळपेर करणारा वेगळा, दुरुस्तीचा पैसा मंजूर करणारा आणखी वेगळा. मामाच्या घरी सर्वांनी जेवावयास जावे, आणि पावसाळ्यापूर्वी मामाचे छप्पर शाकारावयास मात्र कोणी जाऊ नये, असे झाले आहे. गाळ साचतो, बेशरम माजते, तलावात येणाऱ्या पाण्याची वाट घरे-रस्त्यांनी बुजते. मग त्याच गावात पावसाळ्यात वस्तीत पाणी शिरते आणि उन्हाळ्यात विहीर कोरडी पडते. एकच पाणी आपण दोनदा गमावतो, आणि दोन्ही वेळा पैसे मोजतो.

हे बिघडलेले सुधारता येत नाही असे नाही. अर्जुनी मोरगावच्या बाजूला भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साह्याने ढीवर समाजातील भगिनींनी तलावातली बेशरम उपटली, तळाची मशागत केली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि मासे वाढले. २०१७ साली राज्य सरकारने गाळमुक्त धरणाची योजना आणली, तिच्यातही हिशेब सरळ होता: यंत्राचा व इंधनाचा खर्च योजनेतून, गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा, आणि गाळ त्याच्या शेतात. ज्याला लाभ त्याने भार उचलावा, आणि भार उचलणाऱ्याला लाभ दिसावा. जेथे हे जमते तेथे काम टिकते.

हाच न्याय परदेशांतही लावलेला दिसतो. जर्मनीतील बर्लिनसारख्या शहरांत सांडपाण्याची पट्टी वेगळी आणि पावसाच्या पाण्याची वेगळी आहे. घरमालकाने किती जागा पक्की करून तिचे पाणी नालीत सोडले, ते मोजून त्याप्रमाणे आकार घेतात. ज्याने आपले पाणी आपल्याच जागेत मुरविले त्याला सूट मिळते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने २०११ साली पंचवीस वर्षांची योजना आखली. जमिनीखाली प्रचंड बोगदेच खोदीत बसण्यापेक्षा झाडांचे खड्डे, बागा आणि मुरणाऱ्या जागा वाढविण्यावर भर दिला, कारण तसे करणे स्वस्त पडत होते. आपल्या ग्रामपंचायतीने उद्या अशी पट्टी बसवावी असे मी म्हणत नाही. आपण सगळ्या मलाच आधी रागवाल! पण त्यामागचा विचार घेण्यासारखा आहे. माझ्या अंगणातले पाणी ही माझी वस्तू आहे, तिची व्यवस्था मी लावावी.

एक शंका आधीच दूर करते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला जो महापूर आला आणि भंडारा शहरात पाणी शिरले, तो काही आपल्या अंगणांमुळे आला नव्हता. वर मध्यप्रदेशात झालेला पाऊस, धरणांतून सुटलेले पाणी, हा फार मोठा मामला आहे. तो शोषखड्ड्याने थांबत नाही. जो पूर आपल्या हातचा नाही त्यासाठी सरकारला जाब विचारावा. जो आपल्या आळीत आपणच तयार करतो, त्यासाठी स्वतःला विचारावा. दोन हिशेब दोन वह्यांत असावे.

आता आमच्या अंगणाचे पुढे काय झाले ते सांगते. कुंपणालगतची तीन फुटी पट्टी आम्ही फोडली. घालावयास एकदा पैसे दिले, फोडावयास दुसऱ्यांदा. तेथे १५ फूट लांब, ३ फूट रुंद, ३ फूट खोल चर खणून त्यात दगडगोटे भरले, वर गिट्टी व वाळू पसरली. दगडांच्या फटींतली मोकळी जागा साधारण चाळीस टक्के धरली तर त्यात सुमारे दीड हजार लिटर पाणी एका वेळी मावते, म्हणजे पन्नास मिलिमीटरच्या सरीतले निम्म्याहून अधिक. बाकीचे मुरत मुरत आणि रेंगाळत जाते. गेले दोन पावसाळे वहिनींच्या घरात आमचे पाणी गेले नाही. त्या येथे पुढच्याच रांगेत बसल्या आहेत. मी खोटे बोलत असेन तर त्यांनी उठून सांगावे.

करताना दोन-तीन गोष्टी कळल्या, त्याही सांगून ठेवते. असा चर घराच्या पायापासून आणि संडासाच्या खड्ड्यापासून दूर असावा. पिण्याच्या विहिरीजवळ घाण पाणी मुरवू नये; तेथे केवळ छपराचे पाणी, तेही पहिल्या एक-दोन पावसांचे सोडून देऊन आणि गाळून मगच न्यावे. माती चिकण असेल तर पाणी सावकाश मुरते, तेथे चर मोठा आणि उथळ करावा. दुसऱ्या दिवशीही वर पाणी दिसत असेल तर चर तुंबला असे समजावे, नाहीतर डास होतात. आणि दरवर्षी मृगापूर्वी वरचा गाळ काढावा लागतो. बांधले आणि विसरले, असे कोणतेच काम पाण्याच्या बाबतीत नसते. तलावांची गोष्ट आपण आत्ताच ऐकली.

छपराचाही हिशेब ऐका. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर आपल्याकडच्या सरासरी पावसात वर्षाला सुमारे १ लाख २० हजार लिटर पाणी पडते. अशी शंभर घरे धरली तर १ कोटी २० लाख लिटर. एक एकराची, दहा फूट खोल बोडी काठोकाठ भरावी एवढे हे पाणी. म्हणजे आपल्या छपरांवर दर पावसाळ्यात एक अख्खी बोडी पडते, आणि आपण ती महामार्गाच्या कडेच्या नालीत सोडून देतो. ते सगळे अडविता येणार नाही. चौथा हिस्सा अडविला तरी चैत्र-वैशाखात विहिरीच्या दोराला ते कळेल.

आता मी मुद्द्यावर येते, आणि येथे मला थोडे अवघड वाटते. मंडळाच्या शिलकेतून आपल्या पटांगणात संपूर्ण काँक्रीट घालावे, असा ठराव गेल्या वर्षी आपण केला. त्या ठरावास अनुमोदन देणारी मीच होते. तेव्हा माझ्या अंगणाचा अनुभव ताजा होता, तरी तो मंडळाच्या अंगणाला लागू आहे हे माझ्या ध्यानी आले नाही. घरी शिकलेला धडा सभेत विसरणे, ही आपल्या सगळ्यांचीच सवय आहे. पैसे अजून खर्च झालेले नाहीत. म्हणून माझी विनंती आहे की त्या ठरावाचा फेरविचार व्हावा.

काँक्रीट मागणाऱ्या भगिनींचे म्हणणे मला मान्य आहे. श्रावणात चिखल होतो, म्हाताऱ्या बायकांचे पाय घसरतात, हळदीकुंकवाला खुर्च्या मांडता येत नाहीत. ही अडचण खरी आहे. पण आपल्या पटांगणाचा उतार कोणीकडे आहे ते आपण उद्या सकाळी जाऊन पाहा. तो मागच्या मजुरांच्या घरांकडे आहे. त्या घरांतल्या बायका आपल्या मंडळाच्या सभासद नाहीत. त्यांना वर्गणी परवडत नाही. आपल्या शिलकेतून आपण कोरडे व्हावे आणि त्याचा खर्च वर्गणीही न परवडणाऱ्यांनी भरावा, हे महिला मंडळाला शोभणार नाही.

म्हणून मी असे सुचविते: फाटकापासून ओट्यापर्यंत पाच फूट रुंदीची पक्की वाट करावी, आणि ओट्यापुढे खुर्च्यांपुरती जागा पक्की करावी. बाकी पटांगणात मुरूम दाबून घ्यावा. मागच्या कुंपणालगत दगडगोट्यांचा चर काढावा आणि त्याच्या कडेला दोन-चार झाडे लावावी. सभागृहाच्या छपराच्या पन्हाळी त्या चरात सोडाव्या. काँक्रीट कमी झाल्याने जे पैसे वाचतील, त्यांतून चराचा खर्च बराचसा भागेल असा माझा अंदाज आहे. दर मागवून तो पडताळून पाहावा. आणि दर मृगापूर्वी चर साफ करण्याचा एक दिवस मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत छापावा, म्हणजे तो कोणाच्या मर्जीवर राहणार नाही.

दुसरी सूचना. ग्रामसभेपूर्वी महिलांची वेगळी सभा घ्यावी असे कायदा सांगतो. त्या सभेला आपण जातो, सही करतो आणि परत येतो. यंदा एक प्रश्न घेऊन जाऊ या. गावात नवीन रस्ता किंवा नाली मंजूर होईल तेव्हा तिचे पाणी शेवटी कोठे जाणार, हे अंदाजपत्रकात लिहिलेले असावे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या बांधील अनुदानात पिण्याच्या पाण्याबरोबर पावसाचे पाणी साठविण्याचाही समावेश केला होता. त्यातले आपल्या गावात काय झाले, हे विचारण्याचा आपणांस हक्क आहे. विचारताना आवाज चढविण्याची गरज नाही. वही उघडून जमा किती, खर्च किती, एवढेच विचारावे. बायकांना घरचा हिशेब कळतो, मग गावचा का कळू नये?

भगिनींनो, आमच्या अंगणातल्या त्या चराच्या कडेला वहिनींनी आपल्या हाताने गवती चहा लावला आहे. पाणी आमचे, माती दोघींची, आणि चहा सकाळी कोणाच्या घरी व्हावयाचा हे रोज कुंपणावरून ठरते. काँक्रीट घातले त्या वर्षी आम्ही सहा महिने एकमेकींशी बोलत नव्हतो, हे मी मघाशी सांगितले नाही. ती रक्कमही खर्चाच्या बाजूला धरावयास हवी होती.

माझा हिशेब पुरा झाला. तो तपासून पाहावा, चूक असेल तेथे लाल रेघ ओढावी, आणि बरोबर वाटला तर येत्या बैठकीत ठराव बदलावा, एवढी विनंती करून मी खाली बसते.